बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे

विसरवाडीच्या नाक्यावर शिरीनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं ती स्वतःच सांगायची. तर त्या दिवशी दानियलकाकांनी हेडफोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, हे काय करून दिलंस? दोन मिनिटांत डोकं भणभणतं."

शिरीनचा चेहराच उतरला. कॅसेट होती काकांच्या डोंगरातल्या चर्चची, तीस वर्षांपूर्वीच्या नाताळातली. काकांची बायको रिबेका तीत सगळ्यांबरोबर गाते. ती जाऊन चार वर्षं झाली, आणि तिचा आवाज आता तेवढ्या कॅसेटीतच उरला होता.

"एकाच माइकवर घेतलंय, काका. दोन्ही कानांत तेच जातं, म्हणून डोक्याच्या मधोमध वाजतं."

"तेच तर. आमच्याकडे बाया डाव्या हाताला बसतात, पुरुष उजव्या. इथे सगळे माझ्या टाळक्यात एकमेकांच्या मांडीवर बसलेत. त्या गर्दीत रिबेका सापडेल कशी?"

शिरीनला हसू आलं, पण म्हातारा बोलला अगदी बरोबर. ती कॉम्प्युटरला चिकटली. बारीक आवाज डावीकडे झुकवले, जाडे उजवीकडे. झुकवले फक्त, पार तोडले असते तर एकेक कान उपाशी राहिला असता. वर चर्चच्या भिंतींतून येतो तसा थोडा घुमारा दिला. दोन चहा झाले, एक गिऱ्हाईक चिडून निघून गेलं. गेलं तर गेलं.

काकांनी ऐकलं. पाच मिनिटं झाली तरी डोकं दुखलं नाही, पण कपाळावरची आठी काही जाईना.

"आता काय राहिलं?" शिरीन वैतागली.

"बसलेत ऐसपैस. पण गाणं मी चालवायचो ना, पुढे उभा राहून, लोकांकडे तोंड करून. मला बाया उजव्या हाताला दिसायच्या."

हे आधी सांगायला काय झालं होतं? शिरीनच्या मनात आलं. ती उठली, काकांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा घातला.

काकांचा हात गाणं चालवताना उठायचा तसा उजवीकडे उठला.

"ही बघ. सगळ्यांच्या आधी सुरू झाली. जन्मभर सांगत होतो, जरा थांब म्हणून." डोळे वाहत होते आणि म्हातारा हसत होता.

"थोडं मागे ओढू का तिला?" शिरीनने विचारलं.

"खबरदार हात लावलास तर," काका म्हणाले, आणि हेडफोन तसाच उलटा घालून बसमध्ये चढले.