समाधान राहिलंय, सर

तोंडी परीक्षेत वीसपैकी दहा मिळाले तर मनाली पुढे शिकणार, नाहीतर तिला बघून गेलेल्या दापोड्याच्या पाहुण्यांना होकार. मोठ्या काकांनी हे चारचौघांत ठरवून टाकलं आणि मनालीचे वडील पंढरी मान खाली घालून ऐकत बसले.

परीक्षेला राज्यशास्त्राचं एक जुनं, जाडजूड पुस्तक होतं. माणसं एकमेकांच्या भीतीने सगळे अधिकार एका राजाला देऊन टाकतात आणि राजा मात्र कुणालाच बांधील नसतो, असं त्याचं म्हणणं. कामतघरच्या घरात, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात मनाली मोठ्याने वाचायची आणि पंढरी ऐकायचे. तीस वर्षं कीर्तनात टाळ धरलेला माणूस तो.

"पोरी, बुवा आधी शंका घेतात," ते म्हणाले. "ती पन अशी, का वाटावं बुवाच फिरलं! मंग समाधान. शंका लेचीपेची ठेवलीस तर समाधानाला गोडी न्हाय."

मनालीने तसंच केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ती राजाच्या बाजूने अशी काही बोलली, की स्वतःची परीक्षा देऊन हजेरीवर सही करायला मागे थांबलेली तिची मैत्रीण पूर्वी बघतच राहिली.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. "म्हणजे राजाला कुणी जाब विचारू नये, हे तुझं मत?"

मनाली घाईने म्हणाली, "नाही सर! ही तर शंका झाली. समाधान राहिलंय."

"पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं." त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली.

"सर," मागून पूर्वी मध्येच बोलली, "मला आठ मिनिटं मिळाली होती."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वेळ मी ठरवतो. जास्तीच्या वेळेचे तुझे गुण कापू का?"

मनालीने मान हलवून पूर्वीला नको नको म्हटलं.

"कापा सर," पूर्वी म्हणाली.

परीक्षकांनी घड्याळ सरळ केलं. "तीन मिनिटं. बोल."

मनालीचे शब्द आधी अडखळले. "सर, कीर्तनात नारदाच्या गादीवर बुवा मोठेच. आम्ही त्यांच्या पाया पडतो. पण बुवांचा ताल सुटला की मागचे टाळकरी टाळ थांबवतात. बुवांना थांबावं लागतं, ताल धरून पुन्हा उचलावं लागतं. त्यात त्यांचा अपमान नसतो. भीतीने दिलेला अधिकार..." आणि मग ती थांबलीच नाही.

परीक्षकांनी तिच्यासमोरच आकडा लिहिला. अकरा. मग वरच्या ओळीत पूर्वीच्या नावासमोरचा सतरा खोडून सोळा केला.

"खरंच कापला गं," बाहेर येताना मनाली रडवेली झाली.

"जाऊ दे. आधी घरी फोन लाव, बावळट!"

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत पंढरींनी फोन उचलला.

"बाबा, अकरा."

फोन तसाच हातात धरून ते लूमच्या आवाजाच्या वर ओरडले. मोठ्या काकांपुढे त्यांचा असा आवाज मनालीने कधी ऐकला नव्हता.

"दादा, पाव्हन्यांना न्हाय म्हनून कळवा! आत्ताच कळवा!"