तोंडाने न घेतलेले नाव

मी एक जुना, काळा फाउंटन पेन आहे. माझी क्लिप गंजली आहे आणि टोपण ढिले झाले आहे. हसू नका, मित्रांनो. एके काळी सोनेरी टोपणाच्या पेनांना बाजूला सारून मला निवडले होते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तेथून मी फणसवाडीच्या तोंडाशी असलेल्या कमलाकांतरावांच्या दुकानात आलो. गिऱ्हाईक येई, कागदावर 'श्री' काढी आणि चकचकीत पेन घेऊन जाई. मी वर्षभर काचेखाली पडून होतो. खरे सांगतो, फार वाईट वाटे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. एके सकाळी घोडपदेवची मालन दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. तिचा नवरा गिरणीतला, सत्याग्रहात पकडला गेलेला. मुलगी झाल्याचे त्याला तुरुंगात ठाऊकच नव्हते.

"कळवलं नाहीत?" कमलाकांतरावांनी विचारले.

"पत्र धाडलेलं, परत आलं. पोस्टाबाहेर पत्रं लिवून देणाऱ्या कारकुनानं यांचं नाव विचारलं. मी कसं घेऊ? म्हटलं, गुणावरनं नाव आहे. त्यानं लिवलं गुणवंत!"

त्या नावाचा कैदी तुरुंगात कोणी नव्हताच.

"आता माझं मीच लिवणार," मालन म्हणाली. "चार यत्ता शिकलंय मी. रोजच्या वापराचा पेन दाखवा."

कमलाकांतरावांनी सोनेरी टोपणाचा पेन दिला. तिने 'श्री' काढले. छान आले, पण पेन जड होता, बोटांतून सरकत होता. दुसऱ्याची निब कागदाला टोचत होती. तिसरा मी.

"श्री सगळ्याच पेनांनी बरं येतं, बाई. रोज जे लिहिणार, ते लिहून बघा," कमलाकांतराव म्हणाले.

तिने इकडेतिकडे पाहिले, कागदावर पदर धरला आणि सावकाश लिहिले, 'गुणाजी'. मी शाई कुठे अडू दिली नाही.

"गुणा..." कमलाकांतराव वाचू लागले.

"मोठ्यानं वाचू नका ओ, दादा!"

ती लाजून लाल झाली आणि मला घेऊन घरी आली.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. मालनने अक्षरावर बोट ठेवून वाचले. मुलीचे नाव राधा ठेव, असे लिहिले होते. खाली आणखी एक ओळ होती: 'पाकिटावर माझं नाव तुझ्या हातचं बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, आज पहिल्यांदा घेतलंस.'

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे लिहिले. मग घरात बॉलपेन आले आणि मी खणात गेलो. पोटातली शाई वाळली. गुणाजीही आता नाही. मालनने ते नाव आजवर तोंडाने घेतलेले नाही. अधूनमधून ती लेकीला म्हणते, "राधा, तो काळा पेन जरा धुवून दे गो, यांचं नाव लिवायचंय."

"उद्या धुते, आये," राधा म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरी असा पेन असेल, तर एवढे काम उद्यावर टाकू नका.