ब्रेकच्या वरची ओळ

थोरलीनं डूख धरला होता, आणि तो सोडायचा तिचा अजिबात विचार नव्हता. लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत कंपायलर तिच्याकडे होता. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा हा दुभाष्या तिनंच घडवला होता. त्याच कंपनीतून तिच्या धाकट्या भावाला हाकललं होतं. एक लिफ्ट घसरली, मेकॅनिकचा हात चिरडला, आणि साहेबांनी सगळ्यांदेखत बोट दाखवलं, "ब्रेकची तपासणी यानं लिहिली. कुचकामी." तेव्हापासून धाकटा घरी बसून होता. जेवताना मध्येच थांबून विचारायचा, "ताई, माझंच चुकलं असेल का गं?" मग तीही ताट बाजूला सारायची.

त्याचं चुकलं नव्हतं. तिनं कोड उघडून पाहिला होता. तपासणी चोख होती, पण तिच्या डोक्यावर साहेबांनी स्वतः एक ओळ घातली होती, 'इथूनच परत फिर'. तिच्याखालचं काहीही कधीच चालणार नव्हतं. कंपायलरला हे दिसतं, पण दिसल्यावर त्यानं काय करावं यावरून तिचा नि साहेबांचा जुना वाद होता. त्यानं निदान ओरडावं तरी, असं तिचं म्हणणं. साहेबांनी ते उडवून लावलं होतं. "बाई, जिथे कुणी पोहोचतच नाही, तिथला कचरा गुपचूप काढून टाकायचा. इशाऱ्यांची कटकट नको." त्यामुळे भावाची तपासणी कंपायलर मुकाट्यानं गाळत राहिला, आणि गिऱ्हाइकांकडे गेलेल्या लिफ्टमध्ये ती नव्हतीच.

दुसरी कुणी रडत वर तक्रार घेऊन गेली असती. पण संचालक कोड वाचत नाहीत, आणि साहेब गोड बोलून तिलाच खोटं पाडतील, हे थोरली ओळखून होती. तिनं कंपायलरची नवी आवृत्ती काढली. न पोहोचणारा कोड सापडला, तर आता चूक धरायची आणि प्रोग्रॅम बनवूनच द्यायचा नाही. तशी सूचना तिनं राजरोस सगळ्यांना पाठवली. साहेबांनी ती वाचली नाही. इशारे वाचण्यातले ते नव्हतेच.

साहेबांची एक हौस होती. नवी लिफ्ट दाखवताना ते संचालकांसमोर, मोठ्या पडद्यावर, प्रोग्रॅम ताजा कंपाइल करत. त्या दिवशीही त्यांनी ऐटीत बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. 'ब्रेक तपासणी. या ओळीखालचा कोड कधीच चालणार नाही. प्रोग्रॅम बनवलेला नाही.'

"ही ओळ कुणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझी. चाचणीपुरती होती, राहून गेली," साहेब हसले. मग मागे उभ्या असलेल्या थोरलीजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आजच्या दिवस हे बंद करा ना."

इतकी वर्षं बाई होती, आज ताई झाली. अडला हरी म्हणतात तो हाच.

"बंद कशाला? राहून गेलीय ना, मग काढून टाका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

काढावीच लागली. प्रोग्रॅम बनला. साहेबांनी वरच्या मजल्याचं बटण दाबलं, पण लिफ्ट जागची हलली नाही. पडद्यावर आलं, 'ब्रेकची पकड अपुरी. लिफ्ट चालणार नाही.' धाकट्याची तपासणी पहिल्यांदाच चालली होती. थोरलीच्या काळजात गारवा पसरला, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"ही तपासणी फाजील कडक आहे," साहेब घाम पुसत म्हणाले. "म्हणून तर मी ती ओळ घातली होती. ब्रेक उत्तम आहेत."

म्हणजे राहून गेली नव्हती. अध्यक्षबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"उत्तम आहेत ना? मग मी जुना कंपायलर देते, तुमची ओळ परत घाला," थोरली शांतपणे म्हणाली, "आणि साहेब, तुम्ही एकटे वरपर्यंत जाऊन या. आम्ही थांबतो इथे."

लिफ्टचं दार उघडं होतं. अध्यक्षबाई वाट देऊन बाजूला झाल्या. साहेब दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

थोरलीनं सगळ्यांदेखत फोन काढून धाकट्याला लावला.

"ऐकतोयस ना? तुझे साहेब लिफ्टमध्ये चढायला तयार नाहीत."