पान १८३ वर मावशी

बर्फ. टोरंटोतल्या खिडकीच्या काचेवर बोटाने काढलेलं बाभळीचं झाड.

इस्त्रीची पांढरी साडी.

पान १८३.

"पंखा बंद करा, ऐकू येऊन न्हाई राहिलं." विहारातल्या पहिल्या रांगेतून पद्मामावशी.

जवळा बाजारची आकांक्षा बावीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून कॅनडात गेली आणि सुट्टीच्या दिवशी इंग्रजीत कथा लिहू लागली. पाचव्या पुस्तकाला तिकडचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यातली मावशी म्हणजे तिला वाढवणारी पद्मामावशीच. तसंच नाक, तशाच शिव्या. फक्त पान १८३ वर ती तापाने मरते, आणि बर्फामुळे भाची मयतीला पोचत नाही. मावशीला इंग्रजी येत नाही, म्हणून आकांक्षा निर्धास्त होती.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, गावच्या बौद्ध विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. यंदाचा ग्रंथ लवकर संपला. मग निवृत्त शिक्षक भीमराज सरांनी आकांक्षाचं पुस्तक उघडलं आणि वाचता वाचता त्याचं मराठी करू लागले. रोज दहा पानं. आकांक्षाला हे फोनवर कळलं तेव्हा सर पान १५० वर होते. तिने विमानाचं तिकीट काढलं.

चौथ्या दिवशी ती बॅगेसकट विहाराच्या दारात पोचली, आणि आत मावशी मेली.

कुणी गेलं की उभं राहायचं, ही अंगात मुरलेली सवय. चाळीस बाया पांढऱ्या साड्या सावरत उठल्या. माना खाली. पहिल्या रांगेत पद्मामावशीही उठली.

"तुमी काहून उठल्या, पद्माबाई?" शेजारच्या निर्मलाबाईने हळूच विचारलं.

"मयतीला येऊन बसून राहू का? गप उभी राहा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खा विहार हसला. मावशीने मान वळवली तर दारात आकांक्षा.

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलंच. तापानं मारलंस मला. तापानं मरायला मी काय इतकी नाजूक हाय? अन् माझ्या मयतीला तू आलीच न्हाईस. बर्फ पडून राहिला म्हणे."

"पुस्तकात पडतो, मावशी."

"मंग आज कशी आलीस?"

आकांक्षा बॅग ठेवून चपला काढू लागली.

"बक्षीस घेऊन आलं लेकरू, अन् बोलता येईना," मावशी म्हणाली आणि शेजारची जागा थोपटली. "बस. सर, वाचा पुढं. मी मेल्यावर कोण कोण भांडलं ते ऐकू द्या."

आकांक्षाने चौथीत लिहिलेल्या पहिल्या गोष्टीत मावशी विहिरीत पडते आणि पोहून वर येते.