नळीतला जेट

दातांचा डॉक्टर गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये शिरला, तेव्हा त्याचा चेहरा त्याच्याच पेशंटसारखा झाला होता. गाडी टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी. तिच्यावर त्यानं जीवही ओवाळून टाकला होता आणि लोकांच्या अक्कलदाढा उपटून मिळवलेला पैसाही. पण टर्बोचा दाब दाखवणारा बूस्ट गेजचा काटा काही केल्या पॉइंट आठच्या पुढे सरकत नव्हता.

"मला एक पॉइंट दोन हवंय," तो म्हणाला. "वाढवून द्या."

"वाढवायचं नंतर. आधी काटा खरा आहे का बघू," मालकीणबाई म्हणाल्या आणि तिथूनच ओरडल्या, "ए धाकट्या, हे तुझं काम."

धाकटा चाळिशीला टेकला होता, तरी या धंद्यात सगळे त्याला धाकटाच म्हणत. बापाच्या गॅरेजातून हाकललं, पण तिथलं नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. इथं त्याच्या वाट्याला मीटर, वायरी, दिवे आणि काचा येत. इंजिनाला हात लावायचा नाही, अशी अट मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी घातली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. सख्ख्या बापाच्या गॅरेजात ज्यानं गिऱ्हाइकाचं इंजिन जाळलं, त्याच्या हाती पाना द्यायला कोण धजावेल?

ती गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. अशीच एक टर्बोची गाडी, अशीच मागणी. धाकट्यानं काट्यावर नजर ठेवून दाब वाढवत नेला आणि काटा एक पॉइंट दोनवर आला तसा हात थांबवला. दुसऱ्या दिवशी घाट चढताना पिस्टन वितळला. गाडी ओढून आणावी लागली, गिऱ्हाइकानं गॅरेज डोक्यावर घेतलं. काटा कमी दाखवत असणार, असं धाकटा परोपरीनं सांगत राहिला. तेव्हा बाबांनी ते गेज आणून टेबलावर ठेवलं, चारचौघांसमोर त्याला दाब तपासायचा हातपंप लावला, आणि काटा अगदी शहाण्या मुलासारखा बरोबर आकड्यावर जाऊन थांबला. "बघ," थोरला भाऊ म्हणाला, "गेज ठणठणीत आहे. तुझा हात चुकला." बाबांनी पंप आवरून ठेवला. खापर धाकट्याच्या डोक्यावर फुटलं ते असं, की त्याला पुन्हा बापाच्या गॅरेजात पाना धरता आला नाही.

तर आता डॉक्टरला शेजारी बसवून त्यानं गाडी बाहेर काढली. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला, तशी पाठ सीटला चिकटली, डॉक्टरनं दाराचा दांडा घट्ट धरला, आणि काटा मात्र पॉइंट आठवर पेंगत बसला. एवढा जोर पॉइंट आठचा नव्हे, हे धाकट्याच्या पाठीला कळलं.

परत आल्यावर त्यानं गेज सोडवलं आणि आधी नुसत्या गेजला पंप लावला. बिनचूक. दुसरा कुणी असता तर इथंच हात झटकून मोकळा झाला असता, कारण गेज बरोबर म्हणजे सगळं बरोबर, असं या धंद्यात निम्मे लोक धरून चालतात. धाकट्याच्या मनाला ते पटेना. त्यानं खात्रीचं दुसरं गेज थेट इंजिनाच्या तोंडाशी जोडलं आणि पुन्हा चक्कर मारली. एक पॉइंट दोन! डॉक्टरला हवा होता तो दाब गाडी आधीच देत होती. म्हणजे इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत येता येता हवा कुठंतरी गळत होती.

त्या दोघांच्या मध्ये होती फक्त एक नळी. डॅशबोर्डामागून त्यानं ती उपसून काढली आणि तोंडानं फुंकून पाहिली. फुंकर अडखळत, चिंचोळ्या वाटेनं गेल्यासारखी जात होती. नळी वाकवली तर गेजकडच्या टोकाला केसाएवढी चीर दिसली. मग त्यानं मधला जाड लागणारा भाग ब्लेडनं कापला आणि तळहातावर पितळेचा एक जेट पडला.

जुन्या कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा जेट. मधोमध सुई जाईल एवढं भोक. धाकट्याला तो कुणाचा हे विचारावं लागलं नाही. नळीत असा जेट ढकलून दिला की काट्याची थरथर थांबते, काटा संथ फिरतो, गिऱ्हाईक खूश होतं. ही बाबांची युक्ती. तयार तुकडे बाजारात मिळतात, पण भंगारातल्या कार्बोरेटरचे जेट डब्यात साठवून ते नळीच्या पोटात बसवणारं गॅरेज एकच होतं, बाबांचं. नळी धड असली तर त्यानं काही बिघडत नाही. चीर पडली की मात्र घोटाळा. नळातून बारीक धार येतेय आणि बादलीच्या बुडाला तेवढंच भोक आहे, मग बादली भरणार कशी? जेट नसता तर त्या एवढ्याशा चिरेनं काट्याला काही फरक पडला नसता.

त्यानं नवी नळी घातली, जेट न घालता. काटा थरथरत का होईना, एक पॉइंट दोनवर जाऊन पोचला. डॉक्टर चक्कर मारून आला तो आनंदानं फुगून. "काय ताकद वाढवलीत हो! जमीन-अस्मानाचा फरक!" कुणी काहीच वाढवलं नव्हतं. मालकीणबाईंनी हसू दाबलं.

तो गेल्यावर धाकट्यानं त्यांना जेट दाखवला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझं ते इंजिनसुद्धा..."

"असंच गेलं असणार. मी काट्यावर एक पॉइंट दोन बघत होतो आणि आत दीडच्याही वर दाब चढला असणार."

"असणार म्हणून भागत नाही रे. मला गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं असतं." त्यांनी जेट त्याच्या हातात परत ठेवला. "चूक तुझी नव्हती, असं तुझ्या भावाला एकदा तोंडानं म्हणू दे. माझ्यासमोर नको, फोनवर म्हटलं तरी चालेल. उद्यापासून इंजिनं तुझी."

धाकटा उडत उडत बापाच्या गॅरेजात गेला. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण दारावरच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं, आणि ते असावं असंच धाकट्यालाही वाटे. थोरला बॉनेटखाली वाकला होता. भावाला पाहून तो सरळ झाला.

"दादा, हे ओळखतोस?"

थोरल्यानं जेट पाहिला. "कुठं मिळाला?"

"एका डॉक्टरच्या गाडीत. नळीला चीर होती, काटा पॉइंट चार कमी दाखवत होता." धाकटा भराभरा बोलत सुटला. वाटेत त्यानं सगळ्यांना माफ करूनही टाकलं होतं. "त्या गाडीतही हेच झालं, दादा. आपण नुसतं गेज तपासलं, नळी कुणी पाहिलीच नाही. तुझा दोष नाही. बाबांच्याही लक्षात आलं नसेल. आता तू मालकीणबाईंना एक फोन कर, एवढंच."

थोरला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी फडकं थांबेना. ते पाहता पाहता धाकट्याला काहीतरी आठवलं.

"दादा, बाबा पंप नेहमी नळीच्या टोकाला लावायचे. नळीसकट तपासायचं, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. मग त्या दिवशी टेबलावर नुसतं गेज कसं आलं? नळी कुणी काढली?"

"आत ये," थोरला म्हणाला.

"इथंच सांग."

थोरल्यानं रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गाडी ओढून आणली त्याच संध्याकाळी त्यांनी नळी उपसली. चीर त्यांनी पाहिली. मला बोलावून दाखवली. म्हणाले, जेट माझा आहे. हे बाहेर गेलं तर मी बसवलेला एकेक जेट परत येईल आणि जन्मभराचं नाव मातीला मिळेल."

"आणि माझं नाव?"

"तो तरुण आहे म्हणाले. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"आणि ज्यांच्या गाड्यांत ते जेट अजून आहेत ती माणसं?"

"येतील तसे काढतो मी. गुपचूप."

धाकटा तिथल्या स्टुलावर बसला. बापाचा गैरसमज झाला, याचं दुःख तो इतके दिवस उराशी धरून होता. त्या दुःखाची आता त्याला लाज वाटली, आणि मग भयंकर राग आला.

"हे बघ," थोरला जवळ येऊन म्हणाला, "गेलेल्या माणसाची अब्रू काढून काय मिळणार आहे? तू परत ये. इंजिनं तूच बघ. पाटीवर तुझंही नाव घालू. फक्त हे आपल्या दोघांत राहू दे."

"दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या पायाशी बसलो होतो," धाकटा म्हणाला. "मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं, मला माफ करा. हात चुकला नव्हता हे तेव्हाही मला आतून वाटत होतं. पण म्हटलं, म्हाताऱ्याला सुखानं जाऊ दे."

"जाऊ दे ना आता ते."

"त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, जा, केलं माफ. वर्षभर मी तेवढ्यावर जगलो, दादा."

थोरल्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि तो बॉनेटकडे वळला.

"आणि तू दाराशी होतास. औषधांची पिशवी घेऊन. तू सगळं ऐकलंस."