उंबरठ्याशी थांबणारी तीन चाके

शुक्रवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी धारवाडच्या केलगेरी भागातील एका घरात तेरा महिन्यांच्या वेदश्रीने मला सोडून दिले आणि स्वतःच्या बळावर दोन पावले टाकली. मित्रांनो, कोणी सोडून दिल्याचा आनंद व्हावा, असे आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. ते माझ्या वाट्याला आले, कारण मी एक जुना पांगुळगाडा आहे.

हुबळीच्या कमरीपेठेत तुकाराम मिस्त्रींनी मला घडवले. अंग सागवानी, चाके तीन, आणि जोडांत खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. "पोराच्या बोटाला खिळा लागला तर काय करायचंय ते गाडं!" असे ते म्हणत. वेदश्रीचे वडील पद्मनाभ माझाच दांडा धरून चालायला शिकले. तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा माझे कौतुक करी. पुढे पद्मनाभ धावू लागले आणि मी माळ्यावर गेलो. तेथे तीस वर्षे माझ्या पाठीवर एक जुनी गादी होती. वेदश्री उभी राहू लागली, तेव्हा पद्मनाभांनी मला खाली काढले, पुसले, आसांना तेल दिले. मी पुन्हा कामावर रुजू झालो.

वेदश्रीला दिवसभर गोदूबाई सांभाळतात. तिची आई दीपश्री वकील आहे. ती कोर्टातून सारखी फोन करी. खाल्लं का? झोपली का? टोपी घातली का? एकदा गोदूबाई म्हणाल्या, "अक्का, फोन धरू का पोरीला धरू, एक काय ते सांगा की!" दीपश्री हसली, फोन मात्र कमी झाले नाहीत. मग हात कामात असला की गोदूबाई फोन वाजू देऊ लागल्या.

त्या शुक्रवारी माझे पुढचे चाक दाराच्या उंबरठ्याला अडले. वेदश्रीने मला दोनदा ढकलले, माझ्यावर रागावून पाहिले आणि मला सोडून ती पलीकडे गेली. "बा, पुट्टी, बा! ये, चिमणे, ये!" गोदूबाईंनी टाळ्या पिटल्या. आमच्याकडे मूल स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडते, त्या दिवशी करंजीसारखे गोड कडबू करून शेजारी वाटतात. गोदूबाईंना धीर कुठला! पोरगी झोपताच त्यांनी गूळखोबरे शिजवले, कढई चढवली. तळताना फोन वाजला. "खाल्लं का, हेच विचारणार," असे पुटपुटून त्यांनी तो वाजू दिला. दुपारपर्यंत कडबू साऱ्या गल्लीत पोहोचले.

आणि शेजारच्या शालिनीकाकूंनी दीपश्रीला कोर्टात फोन केला. "अभिनंदन गं! कडबू झकास. कोर्ट सांभाळून केलेस तरी कधी?"

संध्याकाळी दीपश्री आली ती पडवीतच उभी राहिली. खांद्यावरची बॅगही तिने उतरवली नाही.

"माझी मुलगी चालली, आणि ते मला शालिनीकाकूंनी सांगायचं?"

"कडबू त्याच दिवशी वाटायचे असतात की हो, अक्का."

"ते वाटायचा मान माझा होता, गोदूबाई."

गोदूबाईंनी पदराला हात पुसले. "खरं आहे. तेवढं चुकलं माझं. पण अक्का, तुमचा फोन आला की कुणी हजेरी घेतल्यासारखं वाटतं मला. आज सांगायसारखं होतं, तरी उचलावासा वाटला नाही. भरवसा नसेल तर उद्यापासून दुसरी कुणी बघा." त्यांनी आपली पिशवी उचलली.

मी मनातून हादरलो. ज्या हातांवर वेदश्री जेवते, झोपते, ते हात उद्या या घरात नसणार होते.

एवढ्यात वेदश्रीने मला ढकलत दारापर्यंत आणले. चाक पुन्हा अडले. आतून गोदूबाईंचा हात पुढे आला, बाहेरून दीपश्रीचा. दोन्ही हात अर्ध्यावर थांबले.

"तुम्ही धरा, अक्का."

"नको. कुणीच नको धरायला. येऊ दे तिची ती."

वेदश्रीने मला सोडले, उंबरठा ओलांडला, आणि आईच्या पायांशी येऊन धप्पकन बसली. दीपश्री हसली, रडली, पुन्हा हसली. गोदूबाईंनी पिशवी खाली ठेवली.

मग दोघी पायरीवर बसून मोकळेपणाने बोलल्या. मुलीची बातमी आधी आईला, मग गल्लीला. फोन दुपारी एक वाजता. एरवी काही घडले, तर गोदूबाई स्वतः करतील.

तेवढ्यात पद्मनाभ आले. "कडबू केले म्हणे? कुठं आहेत?"

"तुमच्या वाटणीचा शालिनीकाकूंनी खाल्ला, अण्णा!"

म्हणून रविवारी पुन्हा कडबू झाले. कडा दीपश्रीने मुडपल्या आणि निम्मे कडबू तेलात फुटले. "अक्का, खटले तुम्ही बघा, कडा माझ्याकडं द्या," गोदूबाई म्हणाल्या. दीपश्रीने मुकाट्याने परात त्यांच्याकडे सरकवली. या वेळी ताटल्या घेऊन गल्लीत गेली ती दीपश्री. फुटलेले कडबू पद्मनाभांनी संपवले.

मित्रांनो, वेदश्री आता धावते. मी पुन्हा माळ्यावर जाईन, त्याचे दुःख नाही. मात्र ठेवण्यापूर्वी माझ्या आसांना तेल द्या आणि पाठीवर गादी ठेवू नका. आणि जे तुमचे बोट धरून तुम्हाला चालवतात, त्यांना विश्वासाने चालवू द्या. मनात काही सलले, तर त्याच दिवशी पायरीवर बसून बोला.

गोदूबाई आजही रोज येतात. कोर्टातून दिवसाकाठी येणारे फोन: एक.