सोमवारचा श्वास

मित्रांनो, एका पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. पत्र माझ्या नावाचे नव्हते, डॉक्टर गंगाधरांच्या नावाचे होते. पण ते दोनेक वर्षे माझ्याच डोक्यावर ठेवलेले होते, म्हणून त्याचे ओझे थोडेफार मलाही झाले. पाकिटावर बेल्जियमची तिकिटे होती. पंख्याच्या वाऱ्याने ते उडू नये म्हणून डॉक्टरांनी त्यावर चष्म्याची जुनी डबी ठेवली होती.

मी एक जुना श्वासमापक आहे. लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, डॉक्टरांच्या बंद पडलेल्या दवाखान्यात, मी खिडकीशी उभा असतो. मला गोष्ट सांगायची सवय नाही. माझे काम रेघ ओढण्याचे. तीसुद्धा प्रत्येक वेळी बरोबर ओढली असेन की नाही, याची मला शंका वाटते. तरी सांगून पाहतो.

माझी रचना साधी आहे. पाण्याने भरलेली एक उभी टाकी आणि तिच्यात उपडा घातलेला हलका डबा. माणूस नळीत फुंकतो, त्याचा श्वास डब्यात शिरतो आणि डबा वर उचलला जातो. डबा वर गेला की दोरीला बांधलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ काढते. ज्याची छाती मोठी, त्याची रेघ उंच. माझा डबा युरोपातून बोटीने आला. टाकी मात्र पुढे गंजली, तेव्हा इथल्याच एका पत्रेवाल्याने नवी करून दिली. त्यामुळे मी अर्धा तिकडचा आणि अर्धा लालबागचा आहे.

त्या काळी आजूबाजूच्या गिरण्या चालू होत्या. कापसाची धूळ कामगारांच्या छातीत बसे. नवल असे की रविवारची सुट्टी घेऊन माणूस कामावर आला, की सोमवारी त्याची छाती सर्वांत जास्त आवळे. म्हणून डॉक्टर सोमवारी पाळी सुटल्यावर कामगारांना बोलावत आणि माझ्या नळीत फुंकायला लावत. कागदावर नाव लिहीत नसत, फक्त कामगाराच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर टाकत. "गिरणीत कुणाला कळणार नाही, हा माझा शब्द," असे ते प्रत्येकाला सांगत. तरी कामगारांच्या मनातली भीती जात नसे. ज्याची रेघ बुटकी त्याला कामावरून काढतील, अशी कुजबुज होती.

अशाच एका सोमवारी रामदास आला. धुळीच्या खात्यात तो पिंजलेल्या कापसापाशी काम करी. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, त्याच्या समाजाच्या माणसांना फार वर्षे घेत नसत. तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि यांच्या तोंडाचा दोरा बाकीच्यांना चालत नसे. रामदासबरोबर त्याचा मालवणकडचा मित्र शिवा होता. शिवा बदली कामगार होता. कायमचा माणूस गैरहजर असेल त्या दिवशीच त्याला काम मिळे.

रामदासने नळी तोंडाला लावली आणि खोकल्याची उबळ येऊन पुन्हा काढली. डॉक्टर माझ्या लेखणीवर वाकले होते, त्यांची पाठ या दोघांकडे होती.

"तुझो बिल्लो माका दी," शिवा हळूच म्हणाला.

"आणि तुझं काय? तुला काढलं तर?"

"माका? अरे, मी बदली. माका रोजच काढतत!"

रामदासच्या तोंडातली ओली नळी शिवाने न पुसता आपल्या तोंडात धरली आणि फुंकर मारली. माझा डबा दणक्यात वर गेला. डॉक्टरांनी रेघ पाहून मान डोलावली आणि रामदासचा नंबर टाकला. मग शिवाच्या नंबरावर रामदास फुंकला; बदली म्हणून त्या नंबराशेजारी डॉक्टरांनी लाल खूण केली. तो श्वास मला अजून आठवतो. तो वर चढला, शेवटाशी अडखळला, थांबला आणि मग थोडासाच पुढे गेला.

मी सगळे पाहिले होते. पण मला बोलता येत नाही, आणि साक्ष मागायला यंत्राकडे कोण येतो?

पुढे संप झाला. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. रामदास तरुणपणीच वारला. शिवा गावी परतला आणि चांगला म्हातारा होऊन गेला. डॉक्टरांनी माझ्यातले पाणी काढून टाकले, लेखणीतली शाई वाळली. कागदांचे गठ्ठे कपाटात गेले.

आता जे सांगणार आहे, ते सांगू की नको असे मला वाटत होते. दर सोमवारी सकाळी माझा रिकामा डबा आपोआप हलू लागला. किंचितच. कोरड्या टाकीत तो जरासा उचलला जाई आणि खाली बसताना उसासा टाकल्यासारखा आवाज होई. नळी कुणाच्याच तोंडात नसे. मला माझी स्वतःची शंका येई. जुन्या पत्र्याला असे होत असेल, म्हणून मी गप्प राही. पण झाडलोट करणाऱ्या लक्ष्मीनेही तो आवाज ऐकला.

"डॉक्टर, तुमचं हे डबडं सोमवारी श्वास घेतं," ती म्हणाली. "मी याला मंगळवारी पुसणार. पगार कापायचा तर कापा."

"वारा असेल, लक्ष्मी."

"खिडकी बंद आहे की!"

त्यानंतर सोमवारी डॉक्टरही माझ्याकडे पाठ करून बसत नसत.

आणि मग ते पत्र आले. युरोपातल्या निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ते लिहिले होते. रुग्णांच्या जुन्या-नव्या नोंदी संगणकात एकत्र आणायच्या, त्यांवरची नावे काढून टाकायची, आणि एका देशातल्या आजाऱ्याचा अनुभव दुसऱ्या देशातल्या आजाऱ्याच्या उपयोगी पाडायचा, हे त्यांचे काम. धुळीने खराब होणारी छाती वेळेवर ओळखायला ते संगणकाला शिकवत होते. जगात आजही कितीतरी माणसे कापसाच्या धुळीत काम करतात. तुमच्याकडे गिरणी कामगारांच्या श्वासाचे कागद आहेत असे कळले, ते आम्हाला द्याल का, असे त्यांनी अगदी अदबीने विचारले होते.

डॉक्टर कितीदा तरी पेन उघडून बसले. 'सप्रेम नमस्कार' एवढे लिहून थांबले. शब्द दिला होता तो माणसांना, आणि त्यांतली बहुतेक माणसे आता नव्हती. विचारायचे कुणाला? तो कागद ते पाकिटाखाली सरकवून ठेवत आणि पुस्तक वाचायला घेत.

शेवटी एका सोमवारी त्या तज्ज्ञांपैकीच एक जण दारात उभी राहिली. बाहेर मसाल्याच्या दुकानात मिरची कुटत होते, त्या खकाण्याने तिला शिंकांवर शिंका येत होत्या. तिच्यामागून तिची म्हातारी आई आली.

"जयभीम, डॉक्टर. मी कौसल्या, रामदासची. ही संघमित्रा. तिकडे बेल्जियमला असते. इथली पोर, आणि मिरचीला शिंकते बघा."

संघमित्रा रामदासची मुलगी. वडील गेले तेव्हा ती चालायला शिकत होती. डॉक्टरांच्या परवानगीने तिने कपाटातला एक गठ्ठा काढला आणि कागदांची चित्रे संगणकात घेतली. "हे इथून बाहेर जाणार नाही. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच," ती म्हणाली. कौसल्येने पदराच्या गाठीतून नवऱ्याचा पितळी बिल्ला काढला. नंबर जुळवून संघमित्राने वडिलांचा कागद शोधला. संगणकाने तो वाचला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

"आई, बाबांची छाती चांगली होती असं येतंय."

"चांगली? मग माणूस गेला कशानं?" कौसल्या म्हणाली. "कापसानं खाल्लं म्हणून सांगत आले मी आजवर. तुला सांगितलं, तुझ्या आत्याला सांगितलं. ते काय खोटं?"

"मी नाही गं म्हणत. कागद म्हणतोय."

"मग त्या कागदाला म्हणावं, माझ्यासमोर बोल."

संघमित्राने सांगितले की रेघेवरून श्वासाचा आवाज करता येतो. विद्यार्थ्यांना शिकवताना ते तसे करतात. तिने एक कळ दाबली.

मित्रांनो, मी श्वास घेणारा डबा. पण माझ्यात एकेकाळी शिरलेला श्वास बाहेरून ऐकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. खोलीत फुंकर वाजली. जोरकस, लांब, सरळ.

"हा ह्यांचा नाही," कौसल्या लगेच म्हणाली.

"आई, नंबर त्यांचाच आहे."

"नंबराशेजारी मी झोपले नाही, बाई. मी माणसाशेजारी झोपत होते. ह्यांचा नाही म्हणजे नाही."

संघमित्रा एकेक कागद वाजवू लागली. एकामागून एक माणसे खोलीत येऊन श्वास सोडू लागली. कुणी घाईने, कुणी घाबरत, कुणी मध्येच हसू आवरत. यांतल्या कितीजणांना जाऊन किती वर्षे झाली, हे डॉक्टरांना ठाऊक होते. ते भिंतीला टेकून उभे होते. बाहेरचे कुटणे जेवणाच्या सुट्टीसाठी थांबले, तेव्हा खोलीत फक्त तेच आवाज उरले.

मग तो आला. वर चढला, शेवटाशी अडखळला, थांबला, आणि थोडासाच पुढे गेला.

कौसल्येने डोक्यावर पदर घेतला. उभी राहिली.

"संघा, पाणी आण. त्यांना पाणी दे आधी."

आकड्यांत आयुष्य घालवलेली ती मुलगी उठली. माठातून पेला भरून आणला आणि कुठे ठेवावा हे न कळून माझ्यापुढे ठेवला. तेवढ्यात माझा डबा वर आला. किंचित नव्हे. सगळ्यांना दिसेल इतका आला आणि तसाच थांबला. खाली बसला नाही. मी तो उचलला नव्हता. एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

डॉक्टरांनी तो कागद उजेडात धरला. नंबराशेजारी बदलीची लाल खूण होती.

"तारीख तीच, आणि त्या दिवशी रामदासबरोबर आलेला बदली एकच. हा शिवाचा कागद आहे."

"शिवाचा?" कौसल्येने तोंडावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी असून ती हसू लागली. "मेला लबाड! एका सोमवारी दोघं दारात उभे राहून नुसते हसत होते. काय झालं विचारलं तर शिवा म्हणतो कसा, वैनी, आज रामाची छाती घोड्याची झाली. माझ्या हातचं सुकट खाल्लं, पण पत्ता लागू दिला नाही."

"मी इथंच होतो," डॉक्टर पुटपुटले. "लेखणीकडे बघत होतो." ते खाली बसले. "म्हणजे आणखी किती जणांनी असं केलं असेल? सगळे कागद फुकट गेले."

"फुकट नाही, डॉक्टर," संघमित्रा म्हणाली. "पण हे न सांगता ते आमच्याकडे आले असते, तर संगणक चुकीचं शिकला असता. उद्या कुठल्या तरी देशात, बाबांसारख्याच कुणाला, तुझी छाती ठणठणीत आहे, जा कामावर, असं तो म्हणाला असता. बदली म्हणजे काय, हे आमच्यातल्या एकाही तज्ज्ञाला माहीत नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी याच चाळीतली."

डॉक्टर कौसल्येकडे वळले. "शब्द रामदासला दिला होता. तो आता तुमच्याकडे परत मागतो. त्याचा श्वास पाठवू?"

कौसल्येने बिल्ला मुठीत धरला. "नाव नका घालू. पण ह्यांचा श्वास ह्यांच्या मरणाशेजारी ठेवा, आणि शिवाचा त्याच्या म्हातारपणाशेजारी. उलटं राहू देऊ नका."

पुढचे काही दिवस डॉक्टर पत्र लिहीत होते. या वेळी 'सप्रेम नमस्कार'च्या पुढे गेले. जिथे जिथे पत्ता लागेल तिथे घरच्यांना विचारीन आणि हो म्हणणाऱ्यांचेच कागद देईन, असे त्यांनी लिहिले. नंबर एकाचा आणि श्वास दुसऱ्याचा असू शकतो, तो का, हेही समजावून लिहिले. कागदावर संशय घ्या, माणसांवर नको, असे एक वाक्य त्यांनी घातले, खोडले, पुन्हा घातले.

"मी इथूनच पाठवते की, एका क्षणात पोहोचेल," संघमित्रा म्हणाली.

"पत्र टपालानं आलं होतं," डॉक्टर म्हणाले.

तेवढे दिवस माझा डबा वरच होता. लक्ष्मीने हाताने दाबून पाहिला. "आत कुणीतरी धरलंय," म्हणाली आणि हात पदराला पुसत बाहेर गेली.

मित्रांनो, मला कुणाला उपदेश करायचा अधिकार नाही. मी नुसता डबा आहे, जे आले ते मोजले. पण उद्या तुमच्यातले काही जण असल्या नोंदींवर काम करतील. तेव्हा एखादी रेघ फार सुंदर, फार सरळ दिसली, तर ती कुणाच्या तोंडची आहे हे, ज्याचा नंबर आहे त्याच्याजवळ राहिलेल्या माणसाला जरूर विचारा. आणि जुन्या नोंदी जपून ठेवा. काही जण त्यांत अजून श्वास रोखून उभे असतात.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पाकिटावर तिकिटे चिकटवली. माझ्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे टपालाची लाल पेटी आहे. ते रस्ता ओलांडून गेले. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धे घालून थोडे थांबले. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिले असावे, चष्म्यावर ऊन होते म्हणून मला नीट दिसले नाही. मग त्यांनी हात सोडला.

पाकीट आत पडले, आणि इकडे माझा डबा सावकाश खाली बसला.